वादी कोण?

सामान्य काळातील एकोणतिसावा रविवार (वर्ष 'क')
वाचने : निर्गम १७:८-१३, २ तिमथ्य ३:१४-४:२, लूक १८:१-८



आजचे शुभवर्तमान आपल्याला थेट कोर्टाच्या दारात नेऊन उभे करते. एका नगरात एक न्यायाधीश आहे. त्याला देवाचे भय नाही आणि माणसांची भीडमुर्वत नाही. त्याच नगरात एक विधवा आहे. ती त्याच्याकडे पुन:पुन्हा येते आणि एकच मागणे मागते : माझ्यावर अन्याय करणाऱ्याविरुद्ध मला न्याय द्या. संत लूक सुरुवातीलाच सांगतो की, ही गोष्ट प्रभू येशूने प्रार्थनेविषयी सांगितली. प्रार्थनेवर बोलायचे होते, तर येशूने देवळातला साधू किंवा डोंगरावरचा तपस्वी का निवडला नाही? त्याने निवडली ती एक वादी बाई.

'वादी' हा शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डोणगाव आणि आसपासच्या वस्त्यांतली माणसे धुऱ्याच्या, वहिवाटीच्या, वाटणीच्या कामासाठी मेहकरच्या कोर्टात जातात. 'वादी हजर है?' हा पुकारा पुष्कळांनी कानांनी ऐकला आहे. तरीही या शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज थोडा वेळ आपण ते पाहू, कारण शुभवर्तमानाचा धागा तिथूनच सापडतो.

दिवाणी न्यायालयात जो दावा दाखल करतो तो वादी. ज्याच्याविरुद्ध दावा असतो तो प्रतिवादी. फौजदारी कामात तक्रार देणाऱ्याला आपण फिर्यादी म्हणतो. अर्ज केला तर अर्जदार, अपील केले तर अपीलकर्ता. 'वादी' हा शब्द 'वद्' या धातूपासून आला. वद् म्हणजे बोलणे. म्हणजे वादी हा मुळात भांडणारा नव्हे, बोलणारा. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभेपुढे जो आधी आपले म्हणणे मांडी त्याला अग्रवादी म्हणत आणि उत्तर देणाऱ्याला पश्चिमवादी. आपले वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली होते. तिथल्या दरबारी फारसीत वादीला मुद्दई आणि प्रतिवादीला मुद्दालेह म्हणत. 'फिर्याद' हा शब्दही फारसीच. त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. इंग्रजीतला 'प्लेंटिफ' हा शब्द तर लॅटिनमधल्या छाती पिटून आक्रोश करण्याच्या शब्दापर्यंत मागे जातो. गाण्यातही वादी स्वर असतो. रागात जो स्वर सर्वांत अधिक बोलतो तो वादी, त्याला साथ देणारा संवादी, आणि रागाला न मानवणारा तो विवादी. कोर्टातला वादीसुद्धा यांपैकी कोणता स्वर लावतो, हे ज्याचे त्याने पाहावे!

तर बोलणारा, हाक मारणारा, आक्रोश करणारा : हे तिन्ही अर्थ येशूच्या दाखल्यातल्या विधवेला लागू पडतात. त्या काळी विधवेला नवरा नाही, बहुधा वकील नाही, हातात पैसा नाही. तिच्याजवळ एवढेच आहे की ती बोलू शकते, आणि उद्या परत येऊन पुन्हा बोलू शकते. न्यायाधीश शेवटी म्हणतो की, ही बाई मला बेजार करील. मूळ ग्रीक भाषेत तिथे मुष्टियोद्ध्यांचा शब्द आहे. त्याचा शब्दश: अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे. ज्या माणसाला देवाचीही भीती नाही तो या एकट्या बाईच्या ठोशाला भ्याला, हे ऐकताना येशूसमोर बसलेली माणसे नक्कीच हसली असतील.

आता कायद्यातली एक गोष्ट पाहा. वादी आपले म्हणणे ज्या कागदावर मांडतो त्याला वादपत्र म्हणतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याचे नियम आहेत. कोण, कुणाविरुद्ध, काय घडले, केव्हा घडले, हे सर्व त्यात लिहावे लागते. शेवटी एक परिच्छेद असतो : आपल्याला नेमके काय हवे ते. इंग्रजीत लिहिलेल्या वादपत्रात या परिच्छेदाचे नाव 'प्रेयर' असेच असते, म्हणजे प्रार्थना. आणि त्याच्याही खाली वादीला लिहून द्यावे लागते की, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. त्याखाली सही किंवा अंगठा. आपल्या रोजच्या प्रार्थनेला हा नियम लावून पाहावा असे मला पुष्कळदा वाटते. आपण देवापुढे मागण्या मांडतो. पण खाली सत्यतेची सही करायची वेळ आली, तर आपल्या मागण्यांतल्या किती उरतील?

दुसरा नियम : दावा शाबीत करण्याचा भार सामान्यत: वादीवर असतो. जो म्हणतो त्याने सिद्ध करावे. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तो कायम आहे. तिसरा नियम तर आजच्या शुभवर्तमानाशी अगदीच जुळतो. तारखेला प्रतिवादी हजर आहे आणि वादीच गैरहजर आहे, तर न्यायालय दावा काढून टाकू शकते. तुमची बाजू कितीही खरी असो, पुकारा झाल्यावर तुम्ही तिथे पाहिजे. ती विधवा प्रत्येक तारखेला हजर होती. येशूने तिच्या पुराव्याची, कागदपत्रांची, वकिलाची एका शब्दानेही चर्चा केली नाही. तिचे येणे मात्र त्याने आवर्जून सांगितले.

पण बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबले पाहिजे. कोर्टात गेला तो वादी. पण वादी आहे म्हणून तो खरा आहे, असे होत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. तिचा भावार्थ असा की, जो आधी आपली बाजू मांडतो तोच खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करतो तेव्हा काय ते कळते. आपल्या महाराष्ट्रात याचे जे उदाहरण घडले त्याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, महाडचे चवदार तळे. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी कोर्टात दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : तळे सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट फार जुनी आहे. दोनच दिवसांत कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

वादी कोण होते आणि प्रतिवादी कोण होते ते पाहा. ज्यांच्या हाती गाव होता ते वादी. ज्यांना घोटभर पाणी मिळत नव्हते ते प्रतिवादी. कोर्टाच्या कागदावर तक्रार पाण्यावर बसलेल्यांची आणि जबाब तहानलेल्यांचा! मनाई हुकमाच्या वेळी हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने महाडला आली होती. बाबासाहेबांनी परिषदेत त्यांना समजावले, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब झाला. पुढे दहा वर्षे गेली. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला, अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. वादींनी सांगितलेली वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे शाबीत झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्याच्यावर भार होता त्याला तो पेलला नाही. त्या दाव्याचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आजही वादीच्या नावानेच सुरू होते : नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. लोकांच्या स्मरणात कोणते नाव राहिले ते सांगायला नको.

पवित्र शास्त्राला हा धोका ठाऊक आहे. नव्या करारात 'दाव्यातला विरोधक' या अर्थी ग्रीक भाषेत 'अँटिडिकोस' हा शब्द येतो. गंमत अशी की, हा शब्द दोन्ही बाजूंना चालतो. आजच्या दाखल्यात विधवेचा विरोधक तो अँटिडिकोस. म्हणजे तिथे तो प्रतिवादी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, येशू सांगतो की वाटेत असतानाच वाद्याशी समेट करून घे, नाहीतर तो तुला न्यायाधीशाच्या हाती देईल. तिथे तोच शब्द. पण आता तो दावा लावणारा आहे. आणि संत पेत्राच्या पहिल्या पत्रात गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरणारा सैतान, त्याच्यासाठीही हाच शब्द! 'सातान' या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा असा आहे. जखऱ्याच्या ग्रंथात तो प्रमुख याजकाच्या उजव्या हाताला आरोप करण्यासाठी उभा राहतो. प्रकटीकरणात तो रात्रंदिवस आपल्या बांधवांना दोष देत असतो. म्हणजे विधवाही कोर्टात उभी आहे आणि सैतानही कोर्टात उभा आहे. फरक कसा करायचा?

मला दिसतो तो फरक असा. विधवा आपल्या हक्काचे मागते. सैतान दुसऱ्याचा नाश मागतो. विधवेच्या तोंडी तिच्या शत्रूविषयी शिव्याशाप नाहीत. त्याची बेअब्रू व्हावी, त्याचे घर बसावे, असे ती कुठेही म्हणत नाही. मिळाले म्हणजे ती घरी जाईल. आरोप करणाऱ्याचे मात्र कधीच भागत नाही, कारण त्याला काही परत मिळवायचेच नसते.

आपल्या गावांत हे दोन्ही प्रकारचे वादी आहेत. कधी कधी एकाच माणसात दोघे असतात. सुरुवातीला दावा असतो तो दोन फूट धुऱ्याचा. शेजाऱ्याने नांगर थोडा आत घातला, मोजणी झाली, मोजणी मान्य झाली नाही, दावा लागला. पहिल्या वर्षी दोन फूट जमीन हवी असते. पाचव्या वर्षी 'त्याला दाखवतोच' हे हवे असते. दहाव्या वर्षी वादी वारतो, आणि मुदतीत अर्ज देऊन त्याचे वारस दाव्यात लावले जातात. ज्या मुलाने ते भांडण पाहिलेही नाही तो वादी होतो. ज्याने केले नाही तो प्रतिवादी होतो. सोयाबीनचे पैसे आले की आधी वकिलाचे, मग खताचे. दोन घरांतल्या बायका एकाच मिस्साला येतात आणि शांतीचे अभिवादन करताना एकमेकींकडे पाठ फिरवतात. जिच्यासाठी एवढे चालले त्या पट्टीत दरवर्षी किती पायल्या धान्य होते याचा हिशेब कुणी केला तर दोन्ही घरे लाजतील.

अशांसाठीच येशू म्हणतो : वाटेत आहेस तोवर समेट कर. आणि त्याच्या अगोदरची ओळ त्याहून कडक आहे. वेदीवर अर्पण घेऊन आला आहेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. लक्षात घ्या, 'तुझ्या मनात' नव्हे, 'त्याच्या मनात'. म्हणजे येशू इथे वाद्याशी बोलत नाही. ज्याने दुसऱ्याला वादी व्हायला भाग पाडले त्याच्याशी तो बोलतो आहे. आपण ही वचने नेहमी उलट वापरतो. ज्याचा हक्क बुडाला त्याला सांगतो, 'जाऊ दे, ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये'. ज्याने बुडवला त्याला कुणी काही सांगत नाही.

संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, सहावा अध्याय, याचेही असेच होते. भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो याची पौलाला लाज वाटते. अन्याय का सोसून घेत नाही, असे तो विचारतो. हे वाक्य आपल्याकडे विधवांना, बहिणींना, गरीब पुतण्यांना मोठ्या प्रेमाने ऐकवले जाते. पण पुढचेच वाक्य वाचा. तिथे तो म्हणतो की तुम्ही स्वत:च अन्याय करता, फसवता, आणि तेही आपल्या भावांना. त्याचा राग त्यांच्यावर आहे. शिवाय रोमी कायद्यात प्रतिष्ठित माणसाविरुद्ध साध्या माणसाला दावा लावणे कठीण होते. त्यामुळे करिंथच्या कोर्टात जाणारे बहुधा पैसेवालेच असणार. 'तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही का?' हा पौलाचा प्रश्न आहे, आणि तो सबंध मंडळीला आहे. ख्रिस्तसभेने निवाडा करायचा नाही आणि कोर्टातही जाऊ द्यायचे नाही, असे पौलाने कुठेही म्हटलेले नाही. त्याने स्वत: फिलिप्पै येथे बेकायदा फटक्यांबद्दल अधिकाऱ्यांना जाब विचारला, आणि कैसरियात कैसराकडे दाद मागितली.

ख्रिस्तसभेचा स्वत:चा कायदाही हेच सांगतो. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये (कलम १४४६) श्रद्धावंतांनी, आणि विशेषत: महागुरुस्वामींनी, देवाच्या प्रजेतले तंटे शक्यतो टाळावेत व लवकर शांततेने मिटवावेत असे म्हटले आहे, पण न्यायाला धक्का न लावता. ही अट महत्त्वाची आहे. न्याय गिळून मिटवलेले भांडण मिटलेले नसते. ते फक्त दिसेनासे होते. त्याच कायद्यात वादीला लॅटिनमध्ये 'आक्तोर' म्हणतात, म्हणजे करणारा, पाऊल उचलणारा. आणि बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, कुणीही वादी होऊ शकतो, असेही तिथे लिहिले आहे.

म्हणून एखादी बहीण विचारते की, 'फादर, नवरा गेला, दीर हिस्सा देत नाही, कोर्टात जाणे पाप आहे का?' तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. पाप नाही. आजच्या शुभवर्तमानात येशूने तुमच्यासारखीलाच पुढे उभे केले आहे. ख्रिस्ती कुटुंबांना वारसाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मागे मुले असतील, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांचा. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. 'मुलीला लग्नात दिले, आता तिचे काय?' ही म्हण आपल्या घरांत आहे. या कायद्यात नाही. केरळात सिरियन ख्रिस्ती मुलींना त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने नाममात्र वाटा मिळत असे. मेरी रॉय या बाईंनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने सांगितले की त्यांनाही १९२५ चाच कायदा लागू आहे. त्या निकालाने तिथल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत आणि काही धर्मगुरूंतही नाराजी पसरली. घर फुटेल, असे म्हटले गेले. घर बहिणीच्या मागण्याने फुटते की भावाच्या न देण्याने, हा प्रश्न तेव्हा थोड्यांनीच विचारला.

हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावले तर वाचून घ्या, वाचून दाखवायला सांगा, आणि न पटल्यास सही करू नका. पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि इतर काहींना मोफत वकील मिळतो. स्त्रियांच्या बाबतीत उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. आणि दोन्ही बाजू तयार असतील तर लोकअदालत आहे. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. शेतजमिनीच्या उलटसुलट ताब्यांसाठी राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये एक योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असे किमान बारा वर्षे चालले असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये. त्या योजनेचे नाव 'सलोखा'. सरकारी फाईलवर इतका शुभवर्तमानी शब्द क्वचितच येतो.

हरणारे वादीही असतात, हे मी लपवणार नाही. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा सूसाई नावाचा ख्रिस्ती चांभार. सरकारने रस्त्यावरच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. याला मिळाली नाही, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. धर्मांतरानंतरही पूर्वीच्याच तीव्रतेने हाल सुरू आहेत हे दाखवले गेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. भार वादीवर! जो रोज त्याच रस्त्यावर त्याच कामाला बसतो त्याने आणखी काय दाखवायचे, असा प्रश्न आपल्यासारख्यांच्या मनात येतो. पण तो गेला म्हणून प्रश्न नोंदीवर आला, आणि २००४ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रश्न घेऊन पुन्हा त्याच दारात अर्ज दिला. विधवेचे येणे असेही असते. एक थकते तेव्हा दुसरी येते.

आजच्या पहिल्या वाचनात हेच आहे. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी, हात खाली आले की अमालेकाची. मोशे देवाचा माणूस, पण हात शेवटी माणसाचेच. ते दुखू लागले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. दाखल्यातल्या विधवेला मात्र असे कुणीच नव्हते. तिच्या नगरात शेजारी असतील, नातेवाईक असतील, सभास्थान असेल. येशूने त्यांच्यापैकी एकाचाही उल्लेख केला नाही. ती एकटी येते, एकटी परत जाते.

आणि देव कुठे आहे? आपण त्याला न्यायाधीशाच्या जागी बसवतो, आणि येशूही तसेच सांगतो. तो वाईट न्यायाधीश जर ऐकतो, तर पिता किती लवकर ऐकेल! पण पवित्र शास्त्रात देव न्यायासनावरून उतरून खालीही आलेला दिसतो. मीखाच्या सहाव्या अध्यायात देव स्वत:च वादी आहे. तो डोंगरांना साक्षीला बोलावतो आणि आपल्या प्रजेविरुद्ध दावा मांडतो. त्याचा दावा ऐकण्यासारखा आहे : मी तुमचे काय वाईट केले? मी तुम्हाला कशाने थकवले, ते सांगा. सर्व काही ज्याचे आहे तो वादी होऊन मागतो काय? जमीन नाही, बैल नाही, तेलाच्या नद्या नाहीत. न्यायाने वागा, दया आवडू द्या, माझ्याबरोबर नम्रपणे चाला. ज्या दारात विधवा रोज येऊन उभी राहते त्या दारात कधी कधी देवच उभा असतो, आणि तो मोठेपणी बसलेला न्यायाधीश आपण असतो, असेही हा दाखला वाचता येतो. मला तसा तो वाचताना झोप उडते.

पुढे नव्या करारात तर तोच देव तिसऱ्या जागी येतो. पवित्र आत्म्याला आपल्या मराठीत 'कैवारी' म्हटले आहे; बाजू घेणारा, शेजारी उभा राहणारा. संत योहानाच्या पहिल्या पत्रात खुद्द येशू पित्याजवळ आपला कैवारी आहे. आणि ईयोब, ज्याने देवाविरुद्धच गाऱ्हाणे मांडले, ज्याने आपल्या आणि देवाच्या मध्ये हात ठेवणारा कुणी मध्यस्थ असावा अशी इच्छा केली, त्याला देवाने शेवटी दोषी ठरवले नाही. त्याच्या गुळगुळीत बोलणाऱ्या मित्रांवर मात्र देव रागावला. जो खरे बोलून भांडला तो देवाच्या जवळचा निघाला.

आजचा दाखला संपताना येशू एक प्रश्न विचारतो : मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? त्याने विश्वासाची व्याख्या दिलेली नाही. नुकतेच त्याने एका बाईचे चित्र काढले आहे. तिची तारीख पुन्हा पडली आहे, आणि ती पुन्हा निघाली आहे.

आपल्या डोणगाव व परिसरातल्या ज्या घरांत सध्या दावा चालू आहे, मग तो वादी म्हणून असो की प्रतिवादी म्हणून, त्या सर्वांसाठी आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक मागणी ठेवली आहे. नावे घेतली जाणार नाहीत. ज्यांना तारखेला मेहकरला एकटे जावे लागते त्यांनी मिस्सानंतर कळवावे. सोबत येणाऱ्या दोघातिघांची नावे कपाटाशेजारच्या वहीत लिहून ठेवता येतील. समेटासाठी दोन्ही बाजूंना एकत्र बसायचे असेल, तर रविवारी दुपारनंतर खोली मोकळी असते. पाणी आणि चहाची व्यवस्था आहे. वकील आणू नयेत.